पत्ता बदलणारे कारखाने

महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरातला औषधांचा डबा उघडावा आणि गोळ्यांच्या पाकिटांची मागची बाजू पाहावी. भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरांत एक पत्ता पुन्हा पुन्हा भेटतो. बद्दी, जिल्हा सोलन, हिमाचल प्रदेश. कंपनीचं कार्यालय मुंबईत, गोळी घेणारा माणूस साताऱ्यात, आणि गोळी तयार होते शिवालिकच्या पायथ्याशी. तिथून सर्वांत जवळचं बंदर गाठायचं तरी हजाराहून जास्त किलोमीटर जावं लागतं.

या पत्त्यामागे एक साधा हिशेब आहे. 7 जानेवारी 2003 रोजी केंद्र सरकारने हिमाचल आणि उत्तराखंडसाठी उद्योगांचं पॅकेज जाहीर केलं. तिथे नवा कारखाना काढला, तर उत्पादन सुरू झाल्यापासून दहा वर्षं उत्पादनशुल्क पूर्ण माफ आणि पहिली पाच वर्षं आयकरही माफ. कर केंद्राचे होते, पण माफी राज्याच्या सीमेशी बांधलेली होती. दोन वर्षांनी, जानेवारी 2005 मध्ये, औषधांवरचं उत्पादनशुल्क कारखान्यातल्या किमतीऐवजी छापील किमतीवर आकारायला सुरुवात झाली. छापील किंमत 100 रुपये असेल तर त्यातून 40 वजा करायचे आणि उरलेल्या 60 रुपयांवर 16 टक्के लावायचे. झाले 9 रुपये 60 पैसे, उपकर वेगळा. ठाण्यात गोळी केली तर हे पैसे भरायचे, बद्दीत केली तर नाही. मग ट्रकभाड्याची फिकीर कोण करणार? महाराष्ट्र-गुजरातमधल्या कितीतरी छोट्या औषध कारखान्यांचं काम आटलं, कारण त्यांना काम देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी हिमाचलचा रस्ता धरला होता.

कराच्या रेषेपलीकडे जाऊन कारखाना थाटायची ही रीत मात्र बद्दीपेक्षा खूप जुनी आहे. इंग्रजांच्या काळात आयकर ब्रिटिश मुलखात होता, अनेक संस्थानांत नव्हता. संस्थानिकांना आपल्या राज्यात उद्योग हवे होते आणि त्यासाठी ते जमीन, कर्ज, करमाफी असं हाताशी असेल ते पुढे करत. मराठी माणसाला यातलं जवळचं उदाहरण किर्लोस्करवाडीचं. बेळगावातली जागा सोडायची वेळ आली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळच्या माळावर 32 एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. 1910 मध्ये निवडुंग तोडून तिथे वसाहत उभी राहिली. ही मदत कराची नव्हती, पण त्यामागचा विचार तोच होता. दुसरीकडची अडचण ही आपल्याकडची संधी. 1 एप्रिल 1950 पासून केंद्राचे कर विलीन झालेल्या संस्थानांनाही लागू झाले आणि सीमेपलीकडे जाण्याचा तो एक मार्ग बंद झाला.

तोवर दुसरी सीमा आखून झाली होती. 1935 च्या कायद्याने प्रांतांना मालाच्या विक्रीवर कर बसवायचा अधिकार दिला. मद्रासने 1939 मध्ये सर्वसाधारण विक्रीकर आणला, मुंबई प्रांताने 1946 मध्ये. स्वतंत्र भारतात राज्यांच्या हातात राहिलेला सर्वांत मोठा कर हाच. जो कर आपल्या हातात, तोच माफ करता येतो. त्यामुळे कारखाने बोलावताना राज्यं विक्रीकरच पुढे करू लागली.

महाराष्ट्राने सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 मध्ये सुरू केली. हेतू चांगला होता. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात गर्दी झाली होती आणि मराठवाडा, विदर्भ, कोकण रिकामेच होते. पुढे राज्याचे गटच पाडले गेले. पुढारलेला भाग ‘अ’ गटात, जितका मागास तितकं पुढचं अक्षर, आणि गडचिरोलीसारखा जिल्हा ‘विनाउद्योग जिल्हा’ म्हणून सगळ्यांच्या पलीकडे. तालुका कोणत्या अक्षरात बसतो यावर किती वर्षं किती सवलत मिळणार हे ठरायचं. उद्योजक जागा पाहायला निघाला की पाणी-वीज विचारण्याआधी ‘गट कोणता?’ हे विचारायचा.

सवलतीचे प्रकार दोन. एक सरळ माफी. दुसरा ‘डिफरल’, म्हणजे लांबणीवर टाकणं, आणि खरी गंमत यातच. कारखान्याने गिऱ्हाइकाकडून विक्रीकर घ्यायचा, तो सरकारजमा न करता स्वतः वापरायचा आणि बऱ्याच वर्षांनी हप्त्यांत परत करायचा. व्याज शून्य. लोकांनी भरलेला कर म्हणजे कारखान्याचं बिनव्याजी भांडवल झालं. 2002 च्या सुमारास राज्याने ही देणी आजच्या किमतीने मुदतीआधी फेडायची मुभा दिली. सुल्झर इंडिया या कंपनीचं साडेसात कोटी रुपयांचं देणं तीन कोटी 37 लाखांत मिटलं. उरलेली रक्कम कंपनीचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लावायचा का, हा वाद पार मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 2014 मध्ये कंपनीच्या बाजूने सुटला. सवलतीचा आकडा कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरा असतो, हे या एका प्रकरणात स्वच्छ दिसतं.

या धोरणाचं सर्वांत ठसठशीत फळ तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात दिसतं. बजाज ऑटोने 1985 मध्ये वाळूजला कारखाना सुरू केला. त्याच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्यांचे पत्र्याचे शेड उभे राहिले, कुणी प्रेस टाकला, कुणी लेथ घेतला, कुणी प्लेटिंगचं काम धरलं. शेतीच्या भरवशावर जगणाऱ्या मराठवाड्यात ‘व्हेंडर’ हा शब्द घरोघरी माहीत झाला. विक्रीकराची सवलत नसती तर एवढा मोठा प्रकल्प पुणे सोडून तिथे गेला असता का? कठीण वाटतं. पण सवलतीची मुदत सरल्यावरही तो तिथे टिकला, त्याचं श्रेय त्या शेडमधल्या हातांनाच द्यावं लागतं.

विक्रीकर राज्याच्या सीमेवर खेळत होता, तर जकात गावाच्या वेशीवर. मुंबईत येणाऱ्या मालाला मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या नाक्यांवर थांबावं लागे. ट्रकची रांग, इंजिन बंद करून स्टिअरिंगवर डोकं टेकलेला ड्रायव्हर, हातात बिलांची चळत घेऊन खिडकीशी धावणारा क्लीनर, शेजारी चहाची टपरी. माल नाक्याच्या आत आला की जकात भरलीच पाहिजे, मग तो महिनाभर विकला जावो न जावो. म्हणून व्यापाऱ्यांनी माल नाक्याबाहेर ठेवायला सुरुवात केली. भिवंडीजवळच्या काल्हेर, कशेळी, पूर्णा या गावांत, जिथे भातशेती होती तिथे, एकाला एक लागून गोदामं उभी राहिली. ऑर्डर आली की टेम्पो भरायचा आणि तेवढ्याच मालाची जकात द्यायची. भिवंडीच्या गोदामांमागे मुंबईची जवळीक आणि स्वस्त जमीन हीदेखील कारणं आहेत, पण त्यांना पाया दिला तो जकातीने.

राज्याराज्यांतली चढाओढ मात्र थांबेना. एकाने पाच वर्षं दिली की शेजारी सात देई. नुकसान सगळ्यांचंच होत होतं. नोव्हेंबर 1999 मध्ये केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांच्या पुढाकाराने राज्यांची बैठक झाली आणि 1 जानेवारी 2000 पासून नव्या विक्रीकर सवलती बंद करायचं, दरांनाही किमान मर्यादा घालायची असं ठरलं. सवलत या नावाने बंद झाली आणि दुसऱ्या नावांनी परत आली. ऑक्टोबर 2008 मध्ये टाटांची छोटी मोटार नॅनो पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून उठली. सिंगूर सोडायचं कारण जमिनीचं आंदोलन होतं, कर नव्हे. पण ती साणंदला गेली तेव्हा गुजरातने 9,570 कोटी रुपयांपर्यंतचं कर्ज 0.1 टक्का व्याजाने आणि 20 वर्षांनी फेडायच्या बोलीवर देऊ केलं. महाराष्ट्राच्या जुन्या डिफरलचंच हे धाकटं भावंड. नॅनोचं उत्पादन 2018 मध्ये थांबलं. साणंदचा कारखाना मात्र दुसऱ्या गाड्या काढत राहिला.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि गणिताची बैठकच बदलली. आधी आंतरराज्य विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर माल जिथून निघाला त्या राज्याकडे राही. तो टाळायला कंपन्या माल स्वतःच्याच दुसऱ्या राज्यातल्या डेपोत पाठवत आणि मग तिथे विकत, म्हणून राज्याराज्यात गोदामं. आता कर माल वापरणाऱ्या राज्याकडे जातो. जकात नाके बंद झाले. राज्याला कर सरळ माफ करता येत नाही, म्हणून भरलेल्या राज्य जीएसटीचा परतावा देऊन उद्योग बोलावले जातात. त्या परताव्यालाही एक अडचण आहे. माल परराज्यात विकला तर कर तिकडे जातो, मग इथल्या सरकारने परत काय द्यायचं? त्यामुळे अलीकडची ओढाताण करापेक्षा भांडवली अनुदानाभोवती जास्त फिरते.

या सगळ्या चढउतारांचा साक्षीदार म्हणून पिंपरी-चिंचवडमधल्या आकुर्डीकडे पाहावं. बजाज ऑटोचा तिथला कारखाना साठच्या दशकापासूनचा. ज्या ‘चेतक’ स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले ती इथली. 2007 मध्ये कंपनीचा नवा कारखाना उत्तराखंडात पंतनगरला सुरू झाला, तिथे उत्पादनशुल्क माफ होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन थांबलं. हजारो कामगारांच्या घरांत त्या दिवाळीला काय वातावरण असेल, याची कल्पना त्या परिसरात राहिलेल्या कुणालाही करता येईल. मुख्य कार्यालय आणि संशोधन विभाग मात्र आकुर्डीतच राहिले, कारण इंजिनिअर पुण्यात होते.

10 जून 2022 रोजी, कंपनीचे दिवंगत प्रमुख राहुल बजाज यांच्या जयंतीदिवशी, आकुर्डीत जुन्या चेतकच्या जागेवरच विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. शहराच्या वेशीवर तेव्हा जकात नाका उरला नव्हता.