चोरिस आणि चावी : एका ‘च’ची साक्ष

गोव्यातल्या ‘चोरिस-पाव’मधला पाव पाथरीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. चोरिस म्हणजे काय, ते मात्र सांगावं लागतं. डुकराच्या मांसाचे तुकडे, मीठ, व्हिनेगर, लसूण आणि भरपूर लाल मिरची हे सगळं आतड्यात ठासून भरायचं, दोऱ्याने गाठी मारत माळ करायची आणि उन्हात, धुरावर सुकवायची.

आता नावाकडे येऊ. शब्द ऐकून त्याचं नातं कुणी ‘चोर’शी जोडलं, तर ती झाली लोकव्युत्पत्ती. ऐकायला गंमत, पुरावा शून्य. मूळ शब्द पोर्तुगीज आहे, स्पॅनिश ‘चोरिझो’चा भाऊबंद. त्याच्याही मागे लॅटिनमध्ये काय होतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण नावात तिखट शोधू नका. मिरची युरोपात पोचली ती १४९२ नंतर. आतड्यात मांस भरायची रीत त्याच्या कितीतरी आधीची.

खरी गंमत उच्चारात आहे. आज लिस्बनमध्ये हाच शब्द ‘शोरीसु’सारखा ऐकू येतो. मग गोव्यात ‘च’ कुठून आला? पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. तेव्हा त्यांच्या बोलीतही इथे ‘च’च होता, त्याचा ‘श’ होऊ लागला तो साधारण सतराव्या शतकापासून. उत्तर पोर्तुगालच्या काही बोलींत तो ‘च’ अजून टिकून आहे. म्हणजे गोव्याने शब्द बिघडवला नाही, जुना उच्चार सांभाळला.

एका शब्दावर एवढं म्हणता येतं का? नाही. म्हणून दुसरा साक्षीदार बघा : आपली ‘चावी’. तीही पोर्तुगीजच, आणि आजच्या लिस्बनमध्ये तिचाही ‘श’ झालाय. पाथरीत कुणी किल्ली म्हणेल, कुणी चावी. पण चावी म्हणणाऱ्याच्या तोंडी तोच जुना ‘च’ आहे.

तरी शंका ठेवा. ‘च’ कानावरून आला की लिखाणातून, हा प्रश्न मार्गदर्शक विचारणारच. त्यासाठी आणखी शब्द जमवा आणि प्रत्येकाची सगळ्यात जुनी नोंद शोधा. चावी घरोघर पोचली, चोरिस डुकराचं मांस खाणाऱ्यांपाशीच थांबलं. शब्द वस्तूबरोबर प्रवास करतो, आणि वस्तू कुणाच्या उंबऱ्याशी अडली हेही त्याच्या इतिहासात लिहावं लागतं.