संगणक प्रणाली खरेदी : गरजनिश्चिती
संस्थेसाठी संगणक प्रणाली विकत घेण्यापूर्वी त्या प्रणालीने कोणते काम, किती जणांसाठी व किती वेगाने करावे हे लेखी ठरवण्याची प्रक्रिया. केंद्र सरकारच्या खरेदीला सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू आहेत. त्यांतील नियम १४४ नुसार खर्च वाढवणारी अनावश्यक वैशिष्ट्ये विनिर्देशात, म्हणजे खरेदीच्या वस्तूच्या लेखी वर्णनात, नसावीत. एखाद्या कंपनीचे मॉडेल डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला विनिर्देश स्पर्धाच संपवतो. ‘प्रणाली जलद असावी’ हे वाक्य निविदेत निरुपयोगी. ‘एकाच वेळी २०० वापरकर्ते असताना नोंद ३ सेकंदांत दिसावी’ ही अट मात्र तपासता येते आणि स्वीकृती चाचणी तिच्यावरच उभी राहते. जुन्या नोंदींचे स्थलांतर व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांचा खर्चही गरजनिश्चितीतच धरावा लागतो. महाराष्ट्रातील कार्यालयांचे जुने दस्तऐवज अनेकदा बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असतात व युनिकोड प्रणालीत ते नीट वाचता येत नाहीत. त्यामुळे त्यांच्या रूपांतराची अट निविदेतच घालणे आवश्यक ठरते.