योनिगत इस्ट्रोजेन-उपचार : एका भीतीचा पूर्वेतिहास

बीड शहराच्या दक्षिणेस बिंदुसरा नदीकाठी पाली हे गाव आहे. ज्या जिल्ह्यात ते मोडते, तेथून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते व एका दिवसाचा खाडा झाला तरी दंड बसतो. मासिक पाळीचे दिवसही या हिशेबातून सुटत नाहीत. २०१९ साली राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पाहणीतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शेकडा जवळजवळ १७. कर्करोग होईल अशी भीती आपणास घालण्यात आली, असे त्यांतील अनेकींचे सांगणे होते.

शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले गेले, तर ऋतुनिवृत्ती त्याच क्षणी ओढवते. ते राखले तरी ती काहीशी लवकर येण्याचा संभव असतो. योनीचे अस्तर पातळ व कोरडे पडणे, दाह होणे, मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार उद्भवणे, हे त्याचे परिणाम होत. त्यांवर मलम अथवा गोळीच्या रूपाने योनीत ठेवावयाचे इस्ट्रोजेन उपयोगी पडते. परंतु या उपायाभोवतीही कर्करोगाचीच भीती उभी राहिली, आणि तिचा उगम पाहू जाता तो निराळ्याच औषधाशी जाऊन पोहोचतो.

१९२९ साली अमेरिकेत डॉइझी व जर्मनीत बुटेनांट यांनी गर्भवतीच्या मूत्रातून इस्ट्रोन स्वतंत्रपणे वेगळे केले. पोटात घेण्याच्या गोळ्यांचा प्रसार नंतर झपाट्याने झाला. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अमेरिकी अभ्यासांनी, प्रोजेस्टेरॉनच्या जोडीवाचून इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, हे दाखविले. २००२ साली १६,६०८ स्त्रियांवरील मोठी चाचणी मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते व औषध पोटात घ्यावयाचे, दोन संप्रेरकांचे मिश्रण होते. तथापि २००३ पासून अमेरिकेत चौकटीतील इशारा सर्वच इस्ट्रोजेन-औषधांवर छापला गेला. १० मायक्रोग्रॅमच्या योनिगत गोळीचीही पुढे त्यातून सुटका झाली नाही. येथे शास्त्रापेक्षा सावधगिरीची सरसकट वाटणी झाली, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो इशारा काढण्याचा निर्णय तेथील औषध-नियामकांनी जाहीर केला.

औषध सर्वथा निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे. आरंभी जळजळ, खाज, स्राव, स्तनांत दुखरेपणा, डोकेदुखी संभवते. पातळ अस्तरातून प्रथम काही आठवडे औषध रक्तात अधिक उतरते. अस्तर जाड होऊ लागले की हे प्रमाण घटते. मलमाची मात्रा मोठी असल्यास मात्र शोषण उपेक्षणीय राहत नाही. ऋतुनिवृत्तीनंतर रक्तस्राव दिसल्यास तपासणी आवश्यकच, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीबाबत तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून हा उपचार करू नये.

गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना १९७५ चा तो धोका बहुतांशी लागूच पडत नाही. अशाच १०,७३९ स्त्रियांना पोटातून केवळ इस्ट्रोजेन देऊन केलेली चाचणी २००४ साली थांबविण्यात आली, ती पक्षाघाताचे प्रमाण वाढल्यामुळे; स्तनाचा कर्करोग तीत वाढलेला आढळला नाही. बीडच्या स्त्रीस हे औषध देताना पहिला प्रश्न त्यामुळे निराळा ठरतो : शस्त्रक्रियेत तिचे अंडाशय राखले होते की काढले, आणि त्या वेळी तिचे वय काय होते.