सिग्नल पोचला, मग रसायन गेलं कुठे?

लोकलमध्ये रेंज गेली म्हणून ज्यांचा भाग अर्धवट राहिला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय. फक्त 'म्हणजे' आणि 'बेसिकली' जरा कमी केलेत.

सेरोटोनिन, डोपामिन हे शब्द आता रीलमध्येसुद्धा येतात. डिप्रेशनवरच्या गोळ्यांबद्दल तर एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: 'मेंदूत सेरोटोनिन कमी पडतं, गोळी ते भरून काढते.' आज मला या वाक्याच्या मागे जायचंय. कारण या प्रकारातल्या बहुतेक गोळ्या सेरोटोनिन बनवत नाहीत, त्या एक दार अडवतात. ते दार कोणतं, ते सापडलं कसं, आणि ते अडवल्यावर काय होतं, ही आजची गोष्ट. यात मुंबईचाही एक छोटा पण खरा वाटा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. दोन चेतापेशींच्या मध्ये एक बारीक फट असते, साधारण २० नॅनोमीटरची. पहिल्या पेशीच्या टोकाशी विजेचा सिग्नल आला की तिथून एक रसायन फटीत सोडलं जातं. ते पलीकडे पोचतं, दुसऱ्या पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं आणि निरोप पोचतो. नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही अशीच रसायनं. त्यांच्या कुटुंबाला मोनोअमाइन म्हणतात.

आता प्रश्न असा. निरोप पोचला, मग त्या रसायनाचं काय होतं? ते फटीतून हटायलाच हवं. दारावरची बेल दाबून कुणी बोट तसंच ठेवलं तर बेल वाजतच राहील. घरातले वैतागतील आणि दुसरं कुणी आलं तरी कळणार नाही.

१९५० च्या दशकात याचं उत्तर शास्त्रज्ञांना जवळजवळ ठरलेलं वाटत होतं: रसायन तिथल्या तिथे मोडत असणार. असं वाटायला कारणही होतं. अ‍ॅसिटिलकोलिन नावाचा दुसरा एक निरोप्या अभ्यासून झाला होता. त्याला फटीतच एक एन्झाइम क्षणार्धात तोडून टाकतं. १९४६ मध्ये स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी दाखवलं की सिंपथेटिक नसांचा, म्हणजे घाबरल्यावर छाती धडधडवणाऱ्या नसांचा, निरोप्या नॉरअ‍ॅड्रेनलिन आहे. मग त्यालाही कुठलंतरी एन्झाइम तोडत असणार, असं सगळे धरून चालले. मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एक एन्झाइम तर आधीपासून माहीत होतंच.

इथे आपल्या गोष्टीत ज्युलियस अ‍ॅक्सलरॉड येतात. हा माणूस मला फार आवडतो. १९१२ चा जन्म, न्यूयॉर्कच्या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत. डॉक्टर व्हायचं होतं, पण मेडिकल कॉलेजांनी घेतलं नाही. मग एका प्रयोगशाळेत खाद्यपदार्थांतली जीवनसत्त्वं मोजायची नोकरी धरली. तिथे अमोनियाची बाटली फुटली आणि एका डोळ्याची दृष्टी गेली. पुढे बर्नार्ड ब्रोडी यांच्यासोबत काम करताना, १९४८ मध्ये, पॅरासिटामॉल हे गुणकारी वेदनाशामक आहे हे दाखवणाऱ्या संशोधनात त्यांचा हात होता. पीएचडी मिळाली १९५५ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत त्यांची स्वतःची प्रयोगशाळा सुरू झाली.

१९५७ च्या सुमारास अ‍ॅक्सलरॉड यांनी अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन बदलून टाकणारं दुसरं एक एन्झाइम शोधलं. त्याला कॉम्ट म्हणतात. वाटलं, सुटलं कोडं! पण पुढे गंमत झाली. ही दोन्ही एन्झाइम औषधांनी बंद पाडली, तरी टोचलेल्या अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम पटकन ओसरायचाच. म्हणजे सफाई करणारं तिसरंच कुणीतरी होतं.

आमच्या कामात एखादी रिक्वेस्ट दहा सर्व्हिसमधून फिरताना कुठे हरवते ते शोधायचं असेल, तर तिला एक ट्रेस आयडी चिकटवतात आणि मग लॉगमध्ये तो आयडी शोधतात. अ‍ॅक्सलरॉड यांनी अगदी हेच केलं. त्यांच्याच संस्थेतल्या सेमूर केटी यांनी वेगळ्या अभ्यासासाठी किरणोत्सारी हायड्रोजन, म्हणजे ट्रिटियम, जोडलेलं अ‍ॅड्रेनलिन बनवून घेतलं होतं. अ‍ॅक्सलरॉड यांनी त्यातलं थोडं मागून घेतलं. पुढे तसंच खूण असलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिनही मिळालं. आता हे रसायन शरीरात कुठेही गेलं तरी मोजता येणार होतं.

प्राण्यांना ते टोचलं आणि दिसलं की ज्या अवयवांत सिंपथेटिक नसा जास्त, तिथेच ते साठतं. हृदय, प्लीहा, लाळग्रंथी. आणि परिणाम ओसरून गेल्यावरही ते बराच वेळ तिथेच, न मोडता पडून राहतं. ते नसांच्या आत गेलं असेल का? हे तपासायला व्हिएन्नाहून आलेले गेऑर्ग हर्टिंग आणि अ‍ॅक्सलरॉड यांनी एक साधा, नेमका प्रयोग केला. मांजराच्या मानेतला एका बाजूचा नसांचा गुच्छ काढून टाकला. थोड्या दिवसांत त्या बाजूच्या नसा मरतात, दुसऱ्या बाजूच्या शाबूत राहतात. मग खूण असलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन टोचलं. नसा शाबूत असलेल्या बाजूच्या लाळग्रंथीत ते भरपूर सापडलं. नसा मेलेल्या बाजूला जवळजवळ नाहीच. नंतर असंही दिसलं की नसेला विजेचा झटका दिला की आत साठलेलं हेच रसायन पुन्हा बाहेर येतं.

म्हणजे चेतापेशी सोडलेलं रसायन स्वतःच परत आत ओढून घेते आणि पुन्हा वापरते! याला 'रीअपटेक' म्हणतात. हे १९६१ साल. एन्झाइम असतात, काम करतात, पण सिग्नल थांबवायचं मुख्य काम त्यांचं नाही. १९७० मध्ये अ‍ॅक्सलरॉड, फॉन ऑयलर आणि बर्नार्ड कॅट्झ यांना नोबेल मिळालं.

एका जुन्या कोड्याचाही याने उलगडा झाला. कोकेन दिल्यावर अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम वाढतो, हे १९१० पासून माहीत होतं. का वाढतो, ते कळत नव्हतं. अ‍ॅक्सलरॉड यांच्या गटाने पाहिलं की कोकेन दिलं की खूण असलेलं रसायन नसांच्या आत कमी जातं आणि रक्तात जास्त राहतं. कोकेन परतीचं दार अडवत होतं. डोपामिनचं दारही ते अडवतं, आणि त्याच्या नशेचं हेच मुख्य कारण आहे.

याच सुमारास युरोपात दुसरी गोष्ट घडत होती. स्वित्झर्लंडमधले मनोविकारतज्ज्ञ रोलांड कून यांनी १९५७ मध्ये इमिप्रामिन या औषधाबद्दल लिहिलं. आधी ते स्किझोफ्रेनियासाठी तपासलं होतं, तिथे जमलं नाही. पण खोल उदासी असलेल्या रुग्णांना त्याने बरं वाटायला लागलं. का, कुणालाच सांगता येत नव्हतं. १९६१ मध्ये अ‍ॅक्सलरॉड यांच्या गटाने दाखवलं की इमिप्रामिनही तेच दार अडवतं. १९६४ मध्ये जाक ग्लोविन्स्की आणि अ‍ॅक्सलरॉड यांनी उंदरांच्या मेंदूतही हे दाखवलं. औषध आधी सापडलं आणि ते काय करतं हे नंतर कळलं.

आता मुंबई. पेशीच्या आत एक दुसरं दार आहे. परत आलेलं रसायन पेशीत मोकळं फिरत राहिलं तर मोनोअमाइन ऑक्सिडेज त्याचा फडशा पाडतं. म्हणून ते छोट्या पिशव्यांत भरून ठेवावं लागतं. या पिशव्यांना व्हेसिकल म्हणतात. पुढच्या सिग्नलला याच पिशव्या फटीत रिकाम्या होतात. या पिशव्यांचं दार समजायला एका भारतीय मुळीची मदत झाली: सर्पगंधा.

आपल्याकडे सर्पगंधा शतकानुशतकं औषधात आहे. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब यांवर तिच्या उपयोगाबद्दल लिहिलं. मग १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले निष्कर्ष मांडले. त्या लेखाने पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ मध्ये सीबा कंपनीच्या बाझेलमधल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातलं मुख्य द्रव्य वेगळं केलं: रिसर्पिन. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

रिसर्पिनने प्राणी मलूल होऊन पडायचे. १९५५ मध्ये ब्रोडी यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं की रिसर्पिनने शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिनचंही तसंच. आज आपल्याला माहीत आहे की रिसर्पिन पिशवीच्या दारात घट्ट अडकून बसतं. भरणं बंद पडतं आणि आतला माल हळूहळू संपतो. १९५७ मध्ये अर्व्हिद कार्लसन यांनी रिसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचलं. त्यापासून शरीरात डोपामिन बनतं. ससे पुन्हा हालचाल करू लागले. पार्किन्सनच्या उपचाराची वाट इथून निघाली.

आता ही दारं चालतात कशावर? फटीत रसायन कमी आणि पेशीत जास्त असलं तरी ते आत ओढायचं, म्हणजे चढावर पाणी नेण्यासारखं काम. त्याला ऊर्जा लागते. बाहेरच्या दाराची युक्ती अशी: पेशीबाहेर सोडियम भरपूर, आत कमी. त्यामुळे सोडियम आत यायला टपलेलं असतं. दारातलं प्रथिन, म्हणजे ट्रान्सपोर्टर, त्याच्या जोरावर रसायनालाही सोबत आत घेतं. क्लोराइडही लागतं. सेरोटोनिनच्या दारातून तर प्रत्येक खेपेला एक पोटॅशियम बाहेर जातं. पिशवीच्या दाराचा हिशेब वेगळा. एक पंप पिशवीत प्रोटॉन भरून ती आंबट करतो. मग दोन प्रोटॉन बाहेर गेले की एक मोनोअमाइन आत येतं.

दोन्ही दारांची गरज किती मोठी आहे, ते उंदरांनी दाखवलं. १९९१ मध्ये या ट्रान्सपोर्टरची जनुकं हाती लागली. १९९६ मध्ये डोपामिनच्या परतीच्या दाराचं जनुक बंद केलेले उंदीर तयार झाले. त्यांच्या मेंदूत सोडलेलं डोपामिन फटीत कमीतकमी १०० पट जास्त वेळ रेंगाळायचं आणि ते उंदीर सतत धावत असायचे. आणि एक अनपेक्षित गोष्ट दिसली: त्यांच्या पेशींमधला डोपामिनचा साठा मात्र खूपच घटला होता. माल परतच येत नाही, तर नवीन किती बनवणार? २०१६ मध्ये माणसाच्या सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरची त्रिमितीय रचना दिसली आणि डिप्रेशनवरची गोळी नेमकी कुठे रुतून बसते, तेही.

आता तो भाग, ज्यासाठी मी हा विषय घेतला. एका श्रोत्याचा मेसेज आला होता. 'दादा, फ्लुऑक्सेटिन सुरू केलं. चार दिवस झाले, ढिम्म फरक नाही. सोडून देऊ का?'

फ्लुऑक्सेटिन सेरोटोनिनच्या परतीच्या दारावर बसतं. १९७४ मध्ये त्याबद्दल पहिला लेख आला आणि १९८७ च्या शेवटी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दार अडवायला या गोळीला काही तास पुरतात. पण मन हलकं व्हायला बहुधा काही आठवडे लागतात. आता बघा, फक्त 'सेरोटोनिन कमी होतं, भरून काढलं' एवढंच असतं, तर दुसऱ्या दिवशीच बरं वाटायला हवं होतं. तसं होत नाही. दार अडवल्यानंतर रिसेप्टर, जनुकं, पेशींची जोडणी हळूहळू बदलत जातात आणि उपयोग बहुधा त्या बदलांचा आहे. २०२२ मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यालाही 'सेरोटोनिन कमी म्हणून डिप्रेशन' या समजाला ठोस आधार सापडला नाही. त्याचा अर्थ गोळ्या निरुपयोगी असा कुणी काढू नका. इमिप्रामिन का चालतं हे कळण्याच्या आधीही रुग्ण त्याने बरे होत होतेच.

म्हणून त्या मित्राला मी लिहिलं ते तुम्हालाही सांगतो. चार दिवसांत काही वाटलं नाही, तर त्याचा अर्थ गोळी फसली असा नाही, आणि तुझ्यात काही कमी आहे असा तर मुळीच नाही. आणि बरं वाटायला लागलं म्हणून ती परस्पर बंदही करू नकोस. अडवलेल्या दाराशी मेंदूने जुळवून घेतलेलं असतं. अचानक दार उघडलं तर चक्कर, मळमळ, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. डोस कमी करायचा तर डॉक्टरांशी बोलून, पायरीपायरीने. त्रास वाढला, नको ते विचार यायला लागले, तर वाट बघू नकोस, लगेच डॉक्टरांना फोन कर. आणि कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं.

त्याचं उत्तर आलं: 'ओके दादा, सोमवारी डॉक्टरांकडे जातोय.' एवढं पुरे आहे.

तुमचे प्रश्न असतील तर पाठवा. अँफेटामिन हे दार उलटं कसं फिरवतं, हे वेळेअभावी राहिलं. ते पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!