अडगळीतला आरएनए आणि लागू न पडणारे औषध

महाराष्ट्रात स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनाचा इतिहास सांगायचा तर कमल रणदिवे यांचे नाव आधी घ्यावे लागते. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमलताईंनी डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. उंदरांमधल्या स्तनाच्या गाठी तपासताना आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचे आपसातले नाते त्या शोधत राहिल्या. एकाच कारणाचा हट्ट धरला नाही, हे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना फार मोलाचे वाटते.

पुढे जीवशास्त्रात एक सरळ रेषा रूढ झाली : डीएनए, त्यावरून आरएनए, त्यावरून प्रथिन. मग ज्यातून प्रथिन होत नाही ते काय? १९७२ मध्ये सुसुमु ओनो यांनी अशा डीएनएला 'जंक' म्हटले. आपल्या भाषेत अडगळ. आपल्या जनुकसंचातला जेमतेम २ टक्के भाग प्रथिनांसाठी आहे. १९९३ मध्ये अँब्रोस आणि रुवकुन यांना एका चिमुकल्या कृमीत असा छोटा आरएनए सापडला, की जो स्वतः प्रथिन बनवत नाही, पण दुसऱ्याचे बनणे रोखतो. नोबेल मिळायला २०२४ उजाडले!

आता हे रुग्णाशी कुठे जुळते ते बघू. टॅमॉक्सिफेन हे जुने, स्वस्त औषध. गाठीतल्या पेशींच्या आत इस्ट्रोजेनची जी जागा असते, तिथे ते ठाण मांडून बसते आणि संप्रेरकाला शिरू देत नाही. पण काही रुग्णांत ते चालत नाही. २००८ मध्ये दिसले, की मायक्रो-आरएनए २२१ आणि २२२ वाढले तर ती जागा घडवणारे प्रथिनच कमी बनते. मग औषधाने बसायचे कुठे? शिवाय पेशीविभाजनाला लगाम घालणारे पी-२७ हे प्रथिनही हेच दोघे दाबतात. २०१० मध्ये 'हॉटेअर' या लांब आरएनएचा गाठ शरीरात पसरण्याशी संबंध दाखवला गेला.

यावरून लगेच नवा उपचार हाती आला, असे नाही. आजही औषध ठरते ते गाठीतले रिसेप्टर तपासूनच. पण एक गोष्ट आत्ताच करता येते. आजार उलटला की घरातले, शेजारचे बाईलाच विचारतात, "पथ्य मोडलंस का? काय पाप केलं होतंस?" मराठवाड्यात हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. औषध नियमित घेऊनही ते निकामी ठरू शकते आणि त्याचे कारण पेशीच्या आत असू शकते, एवढे तरी आपण तिला सांगू या.