जुनं खोकं, नवा गळा

वडिलांनी सुतारापुढे बसून करून घेतलेलं स्पीकरचं सागवानी खोकं आमच्या घरी आहे. आतल्या स्पीकरचा कागदी पडदा उंदरांनी फस्त केला, तेव्हा मी नवाकोरा स्पीकर आणून बसवला. रेडिओ जोडून पाहतो तो काय, बातम्या देणारा गृहस्थ रांजणात तोंड घालून बोलतोय! आई म्हणाली, "ह्यांचा रेडिओ असा नव्हता रे बोलत."

दोष दोघांचाही नव्हता. पत्रिका जुळली नव्हती. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी आजच्या धर्तीचा स्पीकर मांडला. पण खोकं केवढं हवं, हे पुढे कित्येक वर्षं बव्हंशी कानाच्या अंदाजानेच ठरे. १९६१ साली ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी त्याचा चक्क ताळेबंद मांडला: पडदा किती सैल, चुंबक किती जोरकस, त्यावरून खोक्यात हवा किती. अमेरिकेत तो निबंध छापला गेला १९७१ साली. दहा वर्षं! म्हणजे फायली फक्त आमच्याच बँकेत अडकत नाहीत.

मी पट्टी घेऊन खोकं मोजलं. हवा दुपटीने शिल्लक! आत लाकडी ठोकळे भरून जादा शिल्लक कमी केली, तसा आवाज माणसात आला. ठोकळे बसवताना आतल्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेली मापं दिसली. अक्षर वडिलांचं. थील न वाचता त्यांचा ताळा त्यांच्या स्पीकरशी बरोबर जुळला होता. चुकलो होतो तो मी, कॉमर्स ग्रॅज्युएट.