लोखंडाला प्रवेश नाही

आमचं मुरुड लातूरचं. ऑफिसात मुरुड म्हटलं की लोकांना जंजिराच आठवतो, आणि मग दर वेळी सांगावं लागतं की बाबांनो, आमच्याकडे समुद्र सोडा, उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीही मारामार असते :) तर ते दुसरं मुरुड बघायला निघालो आणि वाटेत अलिबागला थांबलो. सगळे किल्ल्याकडे गेले. मला उत्सुकता होती किनाऱ्याजवळच्या चुंबकीय वेधशाळेची.

ही वेधशाळा इथे आली ती मुंबईच्या ट्राममुळे! ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा काढली (मुंबईचा कुलाबा, अलिबागच्या किल्ल्याचं नावही कुलाबाच, घोळ नको). १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळात तिथलं क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलं. माणसांनी डोळ्यांनी वाचून लिहिलेला तो आकडा आजही उपग्रह आणि वीजजाळ्यांच्या धोक्याचा अंदाज बांधताना काढला जातो.

मग मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामची वीज रुळांतून परत जाते, थोडी जमिनीत झिरपते, आणि वीज आली की चुंबकत्व आलंच. म्हणजे कुलाब्याच्या नोंदींत ट्रामचं वेळापत्रक उमटणार! वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी तीस-एक किलोमीटरवरचं अलिबाग निवडलं.

इमारत कशी, तर लोखंडाचा खिळासुद्धा नाही. निवडून घेतलेला पोरबंदरचा दगड, सागवान, पितळ, तांबं. कारण चुंबकत्वाचं, पण खाऱ्या हवेत हेच सामान टिकतं, हा वर फायदा. तापमान बदललं की चुंबकाची ताकद बदलते, म्हणून आतल्या खोलीचं तापमान होईल तितकं स्थिर ठेवायची रचना.

समुद्राला मात्र बाहेर ठेवता येत नाही. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक. चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदललं की पाण्यात प्रवाह निर्माण होतात आणि किनाऱ्यावरच्या नोंदींत त्यांची भर पडते. पण समुद्र कुलाब्यालाही होताच. शिवाय तो नियमाने वागतो, त्याचा हिशोब मांडता येतो. ट्राममध्ये किती माणसं चढली, ती कुठे थांबली, याचा हिशोब कोण मांडणार?

आणि मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. अलिबाग १९०४ मध्ये सुरू झालं, पण कुलाब्याच्या नोंदी लगेच थांबवल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चाललं, आकडे ताडून पाहिले. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. म्हणून १८४१ पासूनची मालिका अलिबागच्या आकड्यांना जोडता येते.

असो. आमच्या मागच्या प्रोजेक्टमध्ये जुनी सिस्टीम एका रात्रीत बंद केली होती. तीन आठवडे आकडे जुळवत बसलो.

हे सगळं मित्रांना सांगत बसल्यामुळे जंजिऱ्याला पोचेस्तोवर होड्या बंद झाल्या होत्या. शिव्या खाल्ल्या.